पंखाखालचा दांडा

विमानातून बाहेर कसं पडायचं हे आधी जमिनीवर शिकवतात, आणि त्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झालो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पॅराशूटने उडी मारून आलेला माणूस लिहायला बसला की वाचणारे ढग, पक्षी आणि मोक्ष यांची वाट बघत बसतात. त्यातलं थोडंफार पुढे येईल. बराचसा मजकूर एका लोखंडी दांड्याबद्दल आहे.

वर्तकनगर

मी एकोणपन्नास वर्षांचा, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. शाळा-कॉलेज डोंबिवलीत झालं, लग्नानंतर ठाण्यात, वर्तकनगरला आलो. दुसऱ्यांनी कुठून पडू नये यासाठी मला पगार मिळतो. अशा माणसाला एकट्याने विमानातून उडी मारावीशी का वाटली, याची बऱ्याच जणांना मी बरीच उत्तरं दिली. खरं उत्तर एवढंच, की भरत जाणार होता आणि तो एकटा गेलेला मला सहन झालं नसतं.

भरत माझा कॉलेजातला मित्र. शीळ रस्त्यावरच्या एका गावातला आगरी. कॉलेज अर्धवट सोडून त्याने दहा वर्षं स्टेशन ते गाव अशी शेअर रिक्षा चालवली. पुढे वडिलांच्या भातशेतीत टॉवर उभे राहिले आणि आता तो गाडीत बसल्याबसल्या मला फोन करून नवे नवे उद्योग सुचवतो. हे शिबिर त्यानेच शोधलं. खानदेशातली एक छोटी धावपट्टी, पाच दिवस, आणि चौथ्या दिवशी एकट्याने उडी. शिक्षकाच्या छातीला बांधून घेऊन मारतात ती उडी वेगळी. इथे विमानाला बांधलेला एक लांब पट्टा असतो. तुम्ही विमान सोडलं की तो पट्टा तुमच्या पाठीवरचं पॅराशूट ओढून उघडतो. बाकी सगळं तुमचं तुम्ही.

"तू गॅलरीत कपडे वाळत घालताना मला मागे ओढतोस," स्मिता म्हणाली. माझी बायको वाद घालत नाही, फक्त अशा नोंदी करते.

फिटनेस सर्टिफिकेटसाठी घोडबंदर रोडवरच्या डॉक्टरकडे जायचं होतं. पाऊण तास एका पुलाखाली उभं राहून मी तिथे पोचलो, तेव्हा त्यांनी रक्तदाब मोजला, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा मोजला. "हा ट्रॅफिकचा आहे," मी म्हणालो. ते स्वतः रोज तिथूनच येत असल्यामुळे त्यांना ते पटलं.

धावपट्टी, पहिली खेप

डिसेंबरातला खानदेश ठाण्याच्या माणसाला परदेशाइतका थंड वाटतो. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि भरत ती मुद्दाम काढून बघत होता. एक डांबरी पट्टी, दोन्ही बाजूंना हरभरा आणि कापूस, एक पत्र्याची शेड, आणि सीटा काढून टाकलेलं एक छोटं विमान. विमान इतकं लहान, की भरताने त्याच्या पंखाखालून फिरून येऊन "माजी गारी याच्याशी मोठी हाय" असा निर्वाळा दिला.

जेवणाची मात्र चंगळ होती. आपल्याकडे शेव वरून भुरभुरवतात, इथे तीच रश्श्यात घालून भाजी करतात आणि ती डोळ्यांतून पाणी काढते. एका रात्री शेतात नेऊन कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली आणि भरीत खाऊ घातलं. भरताला मासळीवाचून तीन दिवस काढणं जड गेलं. त्याने बॅगेतून सुकटीची चटणी काढली, स्वयंपाक्याला चाखायला दिली, आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाक्याने ती बरणीच मागून घेतली.

आमचे शिक्षक सुभेदार निकम. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त. नोकरीभर विमानातून उड्या मारलेला माणूस, पण चालताना पायरी दिसली की खाली बघून उतरणारा. मला ते तेव्हाच आवडले. त्यांच्या लेखी आकाशात शिकण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"वर काय न्हाई ओ. वर पॅराशूट काम करतं," ते म्हणाले. "माणसं मार खात्यात ती दारात."

म्हणून दोन दिवस आम्ही फक्त दार शिकलो. शेडमागे जुन्या विमानाचा अर्धा सांगाडा उभा होता. त्याला उजवीकडे दार, पायरी, आणि पंखाला आधार देणारा तिरका दांडा. खाली वाळू. दारातून सरकताना छातीवरची राखीव पॅराशूटची मूठ हाताने झाकायची, नाहीतर चौकटीला घासून ते आतच उघडेल. पट्टा कुठल्या बाजूने जातोय ते आपण बघायचं आणि शिक्षकालाही दाखवायचं. मग पाय पायरीवर, दोन्ही हात दांड्यावर, हात-हात सरकत बाहेर जायचं, पाय सोडून लोंबकळायचं आणि मान वर करून निकमांकडे बघायचं. त्यांनी "गो" म्हटलं की दोन्ही हात एकदम सोडायचे, पोट पुढे काढायचं आणि मोठ्याने पाच आकडे मोजायचे.

"बसल्याजागी न्हाई म्हणालात तर मी परत आणीन आणि च्या पाजीन," निकम म्हणाले. "पण एकदा दांड्याला लटकलात की आत यायला रस्ता न्हाई. तिथनं एकच रस्ता, खाली."

तिसऱ्या दिवशी परीक्षा. सांगाड्यावरून दहा वेळा सुटायचं, आणि दहाही स्वच्छ सुटायला हवेत. भरताचे दहा झाले. माझे सहा. उरलेल्या चार वेळा उजवा हात सुटला, डावा क्षणभर मागे राहिला आणि मी दाराच्या फळीसारखा फिरून सांगाड्याच्या अंगावर गेलो.

"साहेब, डावा हात का राहतुय मागं?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, की आमच्या कारखान्यात शिडीवरच्या माणसाला आम्ही शिकवतो, दोन हात, दोन पाय, यातले तीन कायम टेकलेले हवेत. तीच सवय असेल.

"शिडीवर ते बराबर हाय," निकम म्हणाले. "पण डावा हात विमानाच्या बाजूचा. तो राहिला की तुम्ही विमानाकडं फिरणार. तिथं पट्टा हाय. पट्टा हाताला गुंडाळला की मला चाकू काढावा लागतो."

चौथ्या दिवशी भरताने उडी मारली. मी खाली उभा राहून त्याच्याच मोबाइलवर त्याचं चित्रण करत होतो. आकाशात एक ठिपका सुटला, त्याच्यावर रंगीत चौकोन उघडला, आणि मला मनापासून वाईट वाटलं. मित्राचं सुख बघून आनंद होतो असं म्हणतात. मला झाला नाही. मला हेवा वाटला, आणि तो लपवण्यासाठी मी जरा जास्तच टाळ्या वाजवल्या.

निघताना निकमांनी मला बाजूला घेतलं. "महिन्यानं या. दहा म्हंजे दहा. न्हाई झालं तर तिसऱ्यांदा येऊ नका, तुमचा बी वेळ जातो आणि माझा बी."

शीळ रस्ता

घरी परतल्यावर मी सोसायटीत कोणाला काही सांगितलं नाही, पण भरताने आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्याचं चित्रण टाकलं आणि सगळ्यांनी मला विचारलं, तुझं कुठे आहे. महिनाभर मी गॅलरीच्या गजाला, कारखान्यातल्या रिकाम्या रॅकला, विठ्ठलवाडीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे कामासाठी गेलो तर त्याच्या पाइपांना लटकून बघितलं. डावा हात मागे राहतच होता. आरशासमोर करून बघितलं तर आरशातला माणूसही तेच करत होता.

जानेवारीत भरताच्या पुतणीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी सकाळी त्याने मला मदतीला बोलावलं. डोंबिवली स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा घेतली. मागे तिघं बसलेले, म्हणून मी पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, अर्धा सीटवर आणि अर्धा हवेत. सेफ्टी ऑफिसरने चौथ्या सीटवर बसू नये हे मला समजतं. ज्यांना आश्चर्य वाटतं त्यांनी सकाळी नऊला डोंबिवलीच्या रांगेत उभं राहून बघावं.

भरत मांडवाच्या दारातच उभा होता. मी रिक्षातून उतरलो तसा तो ओरडला, "थांब! परत बस!"

"काय झालं?"

"परत बस बोल्लू ना. आता उतर."

मी बसलो, उतरलो. त्याने मला तिसऱ्यांदा बसवलं. रिक्षावाला म्हणाला, "शेठ, माझी लाइन जाईल." भरताने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो माझ्या डाव्या हाताकडे बघत होता, आणि मीही पहिल्यांदाच तिकडे बघितलं. माझा पाय जमिनीला टेकला होता, उजवा हात मोकळा झाला होता, आणि डावा अजून रिक्षाच्या काचेजवळच्या गजावर होता. पाय नीट बसल्याची खात्री झाल्यावरच तो निघाला.

"दहा वरसं बगलाय मी ह्यो हात," भरत म्हणाला. "समदे चौथ्या सीटवाले असेच उतरतान. पाय टेकल्याबिगर गज सोडीत नाय. मी डायवर व्हतो, मना कदी उतरावाच लागला नाय, म्हनून माजा हात सुटतो."

कॉलेजपासून पहिली नोकरी लागेपर्यंत मी त्याच सीटवरून उतरलो होतो. रिक्षा पूर्ण थांबायच्या आत, रोज दोनदा. कारखान्याच्या शिडीला मी उगाच दोष दिला.

हळदीचा मांडव आयताच होता. लोखंडी पाइप, आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या गाद्यांचा ढीग. भरताने सहा गाद्या पाइपाखाली रचल्या. त्याचा उपाय सोपा होता. "सोडलास का डोक्याव टाली वाजव. टाली येका हातान वाजत नाय." मी लटकायचो, तो "गो" म्हणायचा, मी टाळी वाजवत गाद्यांवर पडायचो. एका बाजूला पन्नास बायका कांदे चिरत बसल्या होत्या. भरताची आत्या बराच वेळ चष्म्यावरून बघत होती.

"भरत, या मानसाला कोनी पाजून आनलाय का?"

"नाय गो आत्ये. यो विमानाशी पराचा शिकतंय."

"पराला शिकावा लागतं?" पडणंही शिकावं लागतं याचं नवल करून ती पुन्हा कांद्यांकडे वळली. दुपारपर्यंत माझी टाळी सलग पन्नास वेळा वाजली. मग ढोल आणि डीजे आले आणि गाद्या पाहुण्यांना गेल्या.

धावपट्टी, दुसरी खेप

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. भरत रजेवर असल्यासारखा, मी परीक्षेला. सांगाड्यावर माझे दहाच्या दहा झाले. निकमांना टाळी पसंत पडली नाही, "हात फाकवा, भजन न्हाई करायचं," म्हणाले, पण डाव्या हाताबद्दल काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी माझं नाव दुसऱ्या फेरीत लागलं.

विमानात पायलट, निकम, इंदूरच्या शाळेत शिकवणारी, माझ्यासारखीच शिकाऊ एक तरुणी आणि मी असे गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. वर जाताना मी खिडकीतून कालवा बघितला, ऊसतोड चाललेलं एक शेत बघितलं, आणि आपण शांत आहोत याची मनाशी नोंद केली. साडेतीन हजार फुटांवर दार उघडलं. वाऱ्याचा आवाज एवढा असतो हे सांगाड्यावर कळत नाही. ती तरुणी बाहेर गेली, लटकली, "गो" झालं, आणि ती जिथे होती तिथे नुसतं आकाश राहिलं.

एक चक्कर मारून माझी पाळी आली. मूठ झाकली, पट्टा दाखवला, पाय पायरीवर, हात दांड्यावर. सगळं शिकवल्यासारखं झालं. मी बाहेर सरकलो, पाय सोडले, मान वर केली. निकमांनी बोट दाखवलं.

"गो!"

मी सोडलं नाही.

डाव्या-उजव्याचा प्रश्नच आला नाही. दोन्ही हात एकमताने दांड्याला चिकटून राहिले. मी त्यांना सांगत होतो आणि ते ऐकत नव्हते. निकम आणखी दोनदा ओरडले. खाली धावपट्टी माझ्या बुटांमागे सरकत गेली. मला आठवतं ते एवढंच, की मी दांड्यावरचा उडालेला रंग बघत होतो आणि इथे गंज धरेल असा विचार करत होतो. मग निकमांनी ओरडणं थांबवलं. ते दारात मांडी घालून बसल्यासारखे झाले आणि त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, घाई नाही असं सांगावं तशी.

त्यानंतर मी सोडलं. दोन्ही हात, एकदम.

पाच आकडे मोजायचे होते. मी एकही मोजला नाही, "आई गं" म्हणून ओरडलो. पाठीत हिसका बसला, वर बघितलं तर पॅराशूट चौकोनी आणि पूर्ण उघडलेलं होतं, आणि सगळा आवाज बंद झाला. इतका, की खाली कुठेतरी कुत्रं भुंकत होतं ते स्पष्ट ऐकू आलं. मी हसलो. एकटाच, मोठ्याने, बराच वेळ. कारखान्यात, घरात, कुठेही मी असा हसल्याचं मला आठवत नाही. दुसरी उडी मला हवीच आहे, हे मी खाली पोचायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

छातीवरच्या रेडिओतून धावपट्टीवरच्या माणसाचा आवाज आला, की मी फार लांब सुटलोय, धावपट्टी विसरा, उजव्या हातातली दोरी खाली ओढा, समोरच्या हिरव्या शेतात उतरा. उतरलो. पाय जुळवून कुशीवर लोळलो, तेही शिकवल्यासारखं, फक्त हरभऱ्यात.

बांधावरून एक म्हातारी बाई विळा घेऊन आली. "लागनं का भाऊ?" तिने विचारलं. लागलं नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "कोठून उनात?"

मला वाटलं ती गाव विचारतेय. "ठाण्याहून," मी म्हणालो. तिने वर आकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि लोट्यातलं पाणी पुढे केलं. आमच्याकडे कोणी असं शेतात पडलं असतं तर आधी चाळीस मोबाइल निघाले असते. तिला फक्त हरभऱ्याची काळजी होती. पॅराशूट गोळा करताना मी कुठे पाय ठेवायचा हे ती विळ्याने दाखवत होती आणि मी तिथेच ठेवत होतो. तिचं जेवढं पीक मोडलं त्याबद्दल मी माफी मागितली. "ढोरं भी मोडतस," ती म्हणाली.

वही

भरत कोणाची तरी मोटारसायकल मागून मला न्यायला आला. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. शेडमध्ये निकमांनी एक लांबट वही माझ्यासमोर ठेवली. धावपट्टीच्या बाहेर उतरणाऱ्याने स्वतःच्या हाताने तिच्यात लिहायचं असतं. नाव, उडीची उंची, जागा, कारण. वही देऊन ते चहा आणायला गेले.

"वारा लिव," भरत हळूच म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. नियम भिंतीवरच लावलेला होता. वाऱ्याने भरकटलेल्याला दुसऱ्या दिवशी उडी मिळते. दारात चुकलेला परत सांगाड्यावर जातो. उद्या शिबिराचा शेवटचा दिवस होता.

"निकमांनी बघितलंय," मी म्हणालो.

"बगलाय तरी वही तुनाच दिली ना? तुना उरी पायजे का नको?"

मला ती उडी हवी होती. एकोणपन्नासाव्या वर्षी एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटणं हेच मला नवं होतं. अशा वह्या मी कारखान्यात दुसऱ्यांसाठी कितीतरी वेळा भरल्या आहेत, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलं की सगळ्यांचं भागतं हे मला उत्तम कळतं. मी पेन उघडलं. मग लिहिलं, "भीती."

निकम तीन कप घेऊन आले. उभ्यानेच त्यांनी वाचलं. कप खाली ठेवले आणि वहीची मागची पानं माझ्यापुढे उलटत गेले. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळी गावं, आणि शेवटच्या रकान्यात वारा, वारा, जोराचा वारा, वारा.

"या वहीपरमाणं हितं बारा महिने वादळ चाललंय," ते म्हणाले.

भरत हसला. निकम हसले नाहीत. "उद्या विमानात जागा न्हाई तुम्हाला."

"माहीत आहे."

"सकाळी सहाला दांड्यावर या."

मी येतो म्हणालो. त्यांनी माझ्या ओळीखाली सही केली, वही मिटली आणि चहाचा कप उचलला.

"फौजेत आम्ही रांगेनं जायचो, साहेब," ते म्हणाले. "मागचा ढकलायचा. पहिल्या उडीला मला बी ढकललं. मी आपणहून सोडलं असतं का न्हाई, ते मला अजून ठावं न्हाई."